गाडीविना गेलेले दिवस

विम्याच्या क्लेम फॉर्मवर गाडीबद्दल बरंच काही विचारतात. रजिस्ट्रेशन नंबर, चेसिस नंबर, मॉडेल, वर्ष, अपघात कुठे झाला, चालवत कोण होतं, लायसन्स कधीपर्यंतचं. एखाद्या फॉर्मवर वरून पाहिल्यासारखं गाडीचं चित्र असतं, जिथे मार लागला तिथे फुली मारायची. पण ही गाडी तुमच्या घरात रोज काय काम करते, हा प्रश्न मला आजवर एकाही फॉर्मवर दिसलेला नाही. आपली गाडी दुरुस्तीला असताना मिळणाऱ्या बदली गाडीवरून जेवढी म्हणून कटकट होते, तिचं मूळ या न विचारलेल्या प्रश्नात आहे असं माझं ठाम मत झालंय.

कारण अपघातात दोन गोष्टींचं नुकसान होतं. एक पत्र्याचं. ते दिसतं, मोजता येतं, त्याचं एस्टिमेट निघतं. दुसरं दिवसांचं. गाडी गॅरेजला लागते आणि तिच्या भरवशावर बसवलेलं घराचं वेळापत्रक कोलमडतं. मुलांना सोडणं, कामावर पोचणं, म्हाताऱ्या माणसांच्या तपासण्या, हे सगळं त्या दिवसांतही करावंच लागतं, फक्त गाडी नसते. पत्र्याच्या नुकसानीवर सर्व्हेअर येतो, फोटो काढतो. दिवसांचा सर्व्हे कुणी करत नाही.

इथे एक फरक सुरुवातीलाच नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. आपण आपल्याच पॉलिसीवर क्लेम करत असलो, तर आपला आणि कंपनीचा संबंध कराराचा. करारात लिहिलंय तेवढं मिळणार. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या पॉलिसीत दुरुस्तीचा खर्च असतो. गाडी नसल्यामुळे जे पुढचं नुकसान होतं ते 'परिणामी नुकसान' म्हणून बहुधा वगळलेलं असतं. बदली गाडी हवी असेल तर तिचं वेगळं ॲड-ऑन कव्हर घेतलेलं असावं लागतं, आणि तेही कधी प्रत्यक्ष गाडीच्या रूपात असतं तर कधी रोजच्या भत्त्याच्या. चूक समोरच्याची असेल आणि भरपाई त्याच्याकडून म्हणजे त्याच्या विमा कंपनीकडून मागायची असेल, तर मात्र तुमचा तिच्याशी कसलाच करार नसतो. तुम्ही तिचे ग्राहक नाही, तिच्या ग्राहकामुळे ज्याचं नुकसान झालं ते तुम्ही. तिथे माप करारातल्या कलमाचं नसतं. अपघात झालाच नसता तर तुम्ही ज्या स्थितीत असता त्या स्थितीत तुम्हाला शक्य तितकं परत आणून ठेवायचं, हे माप असतं. फोनवर बोलणारा माणूस 'आमच्या पॉलिसीत एवढंच बसतं' असं म्हणाला, की आधी विचारायचं, कुणाच्या पॉलिसीत? समोरच्याच्या पॉलिसीतल्या अटी त्याच्या आणि त्याच्या कंपनीच्या. माझं नुकसान त्या अटी वाचून झालेलं नाही.

वापर बुडाला हेच एक नुकसान आहे, ही गोष्ट न्यायालयांनी मोटारींच्या आधी जहाजांच्या बाबतीत मान्य केली. इंग्लंडमध्ये मर्सी नदीच्या मुखापाशी 'कॉमेट' नावाचं दीपजहाज उभं असायचं. दीपगृह बांधता येत नाही अशा ठिकाणी दिवा घेऊन उभं राहणारं जहाज. 'मेडियाना' नावाच्या आगबोटीने त्याला धडक दिली. बंदर मंडळाकडे अशा वेळेसाठी 'ओरायन' नावाचं दुसरं दीपजहाज राखून ठेवलेलं होतं, ते त्यांनी लगेच जागेवर नेऊन उभं केलं. धडक देणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: दुरुस्तीचे पैसे घ्या, पण तुमच्याकडे दुसरं जहाज होतंच, मग वापर बुडाला कुठे? 1900 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हे म्हणणं फेटाळलं. त्या निकालात लॉर्ड हॅल्सबरी यांनी खुर्चीचं उदाहरण दिलंय. माझ्या खोलीतली खुर्ची कुणी उचलून नेली आणि वर्षभर ठेवून घेतली, तर 'तुम्ही एरवी त्या खुर्चीवर बसत नव्हता' किंवा 'खोलीत आणखी बऱ्याच खुर्च्या होत्या' असं दाखवून भरपाई कमी करता येईल का? मला हे उदाहरण फार आवडतं. 'घरात दुसरी गाडी आहे ना तुमच्या?' हा प्रश्न आजही क्लेमच्या फोनवर विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याचा सूर असा असतो की जणू विषय संपला. दुसरी गाडी ज्याची आहे त्यालाही कुठेतरी जायचं असतं.

जर्मन न्यायालयं यात आणखी एक पाऊल पुढे गेली. तिथे खासगी गाडीचा वापर बुडणं म्हणजे पैशात मोजता येणारं नुकसान, असं 1963 पासून मानलं जाऊ लागलं, आणि ज्या वस्तूंच्या सतत हाताशी असण्यावर माणसाचं रोजचं जगणं उभं असतं त्यांच्या बाबतीत हा हक्क तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाच्या मोठ्या पीठाने 1986 मध्ये पक्का केला. म्हणजे भाड्याची गाडी घेतलीच नाही, बसने, पायी, शेजाऱ्यांच्या उपकारावर दिवस काढले, तरी त्या दिवसांची भरपाई मिळते. गाडीच्या वर्गानुसार रोजचा दर ठरवणारे तक्तेच तिथे वापरले जातात. मला यातली माणुसकी जाणवते. ज्याने सोसलं त्याला 'तुम्ही तर काही खर्चच केला नाही' असं ऐकावं लागत नाही. अट एवढीच की त्या दिवसांत गाडी वापरायची तुमची इच्छा असायला हवी आणि वापरणं शक्यही असायला हवं. अपघातात जखमी होऊन माणूस हॉस्पिटलमध्ये पडून असेल आणि घरात दुसरं कुणी ती गाडी चालवत नसेल, तर गाडीचा वापर बुडाला असं म्हणता येत नाही. कठोर वाटतं, पण तर्काला धरून आहे.

आता खरा वादाचा मुद्दा. बदली गाडी द्यायची हे कबूल, पण कुठली? क्लेमच्या टेबलावर याची दोन उत्तरं तयार असतात. एक, 'तुमच्या सेगमेंटची', म्हणजे तुमच्या गाडीच्याच वर्गातली. दोन, आणि हेच जास्त वेळा, 'जी उपलब्ध असेल ती'. दुसऱ्या उत्तरातून बहुतेक वेळा सगळ्यात लहान गाडी हातात पडते.

ऑस्ट्रेलियात हा वाद पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका माणसाची ऑडी ए3 दुसऱ्याच्या चुकीमुळे दुरुस्तीला गेली आणि त्याने तेवढ्या काळासाठी तशीच ऑडी भाड्याने घेतली. खालच्या कोर्टाने म्हटलं, याची गरज टोयोटा कोरोलाने भागली असती, तेव्हा कोरोलाच्या भाड्याइतकेच पैसे घ्या. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब मान्य केला नाही. त्यांनी 'गरज' हा शब्दच मधून बाजूला काढला. नुकसान दोन तऱ्हेचं असतं, असं त्यांनी सांगितलं: एक प्रत्यक्ष गैरसोय, आणि दुसरं त्या विशिष्ट गाडीतून मिळणारं सुख, सोय, सुरक्षितता बुडणं. हे नुकसान भरून काढायला माणसाने तोडीस तोड गाडी वाजवी भाड्याने घेतली, तर तो खर्च मागता येतो. आणि तो अवाजवी होता असं कुणाला म्हणायचं असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी नुकसान करणाऱ्यावर. या शेवटच्या वाक्याचं मोल फार आहे. एरवी क्लेम करणाराच आरोपीसारखा पुरावे गोळा करत फिरतो.

मला हा निकाल पटतो, पण ऑडीमुळे नाही. महागड्या गाडीवाल्याचं तो बघून घेईल. मला तो पटतो कारण 'याला काय, कुठलीही चालेल' हे वाक्य सगळ्यात जास्त लागतं ते ज्याला कुठलीही चालत नाही त्याला.

आमच्या घरी आई व्हीलचेअरवर असते. आमची गाडी आम्ही रंग, ब्रँड, मायलेज काही न बघता घेतली होती. डिकीचं तोंड किती रुंद आहे आणि मागचं दार किती अंशांत उघडतं हे बघून घेतली होती. ती मागून ठोकली गेली आणि गॅरेजमध्ये अडकली, तेव्हा बदली म्हणून एक छोटी हॅचबॅक दारात आली. आणून देणारा मुलगा भला होता. त्याने डिकी उघडली, मी घडी केलेली खुर्ची आत लोटली. मोठं चाक कडेला अडलं. आडवी करून बघितली, चाक काढून बघितलं, मागची सीट पाडून बघितली. सीट पाडल्यावर खुर्ची आत गेली, पण मग आईने बसायचं कुठे? पुढच्या सीटवर बसवावं तर ती सीट इतकी खाली की तिला हाताला धरून उतरवताना माझ्या भावाचे हात थरथरायला लागले. आई सगळं बघत होती. 'राहू दे गं, मी घरीच बरी,' ती म्हणाली. या वाक्याची किंमत कुठल्याही एस्टिमेटमध्ये धरलेली नसते.

मी क्लेम ऑफिसला फोन केला. 'मॅडम, गाडी दिलीय ना तुम्हाला?' दिली होती, खोटं नव्हतं. मग मी भांडण सोडून टेप घेतला. खुर्चीची घडी केल्यावरची लांबी, रुंदी, उंची. आमच्या गाडीच्या डिकीची मापं. आलेल्या गाडीच्या डिकीची मापं. आईला नियमित फिजिओथेरपीला न्यावं लागतं याचं डॉक्टरांचं पत्र. खुर्ची डिकीत अडकल्याचा फोटो. हे सगळं एका पानात बसवून मेल केला आणि शेवटी लिहिलं की मला मोठी गाडी नकोय, मला हे काम करणारी गाडी हवीय. जुनी असो, साधी असो. त्यानंतर आलेली गाडी खरोखरच जुनी होती, एसी कुरकुरत होता, पण खुर्ची एका हिसक्यात आत जायची. आमच्यासाठी ती न्याय्य होती. कागदावर कदाचित ती आमच्या गाडीपेक्षा खालच्या वर्गातली ठरली असती.

म्हणून मला सेगमेंटचा हट्ट धरणारेही पूर्ण पटत नाहीत. मोठी एसयूव्ही दुरुस्तीला गेली म्हणून, एकट्याने ऑफिसला जाण्यासाठी मोठी एसयूव्हीच हवी, असं म्हणण्याचा हक्क कदाचित असेलही. पण दुसऱ्याच्या खिशातून होणारा खर्च उगाच फुगवायचा नाही, ही जबाबदारीही त्या हक्काबरोबर येते. इंग्लंडमध्ये 1993 च्या एका निकालात लॉर्ड मस्टिल यांनी बजावलं होतं की बदली गाडीची गरज आपोआप सिद्ध होत नाही; माणूस त्या काळात हॉस्पिटलमध्ये असू शकतो, गाडी घरी ठेवून परदेशी जायचा त्याचा बेत असू शकतो. ऑस्ट्रेलियाचं न्यायालय आणि हे वाक्य यांची दिशा थोडी वेगळी आहे हे खरं, पण क्लेम मांडणाऱ्याने दोन्ही लक्षात ठेवावीत. आपली गाडी काय करत होती हे सांगता आलं पाहिजे. ऑटोमॅटिक गाडी डाव्या पायाच्या दुखण्यामुळे घेतली असेल तर क्लच असलेली गाडी ही बदली नव्हेच. मुलांच्या दोन सीट मागे बसत असतील तर त्या बसल्या पाहिजेत. अवजारं, मालाची खोकी, मागे जोडायची ट्रॉली, हाताने चालवायचे ब्रेक, जे काही असेल ते पहिल्याच दिवशी, लेखी. नंतर सांगितलं की ती तक्रार होते. आधी सांगितलं तर ती माहिती असते.

या सगळ्या इतिहासातली एक गोष्ट मला मनापासून अस्वस्थ करते. 1928 साली ग्रीसमधल्या पात्रास बंदरात 'लिसबॉश' नावाचा गाळ काढणारा ड्रेजर 'एडिसन' या जहाजाच्या चुकीमुळे बुडाला. मालकांचं बंदराचं काम चालू होतं, करार मुदतीचा होता. नवा ड्रेजर लगेच विकत घेण्याइतका पैसा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून त्यांनी जास्त खर्चाचा ड्रेजर भाड्याने आणून काम रेटलं. 1933 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की हा जादा खर्च तुमच्या पैशाच्या तंगीमुळे झाला, 'एडिसन'च्या चुकीमुळे नाही. तो मिळणार नाही. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे त्याचं नुकसान पुरं भरून निघणार आणि ज्याच्याकडे नाही त्याचं अर्धवट. हा नियम सत्तर वर्षं टिकला. तो मोडला एका दहा वर्षं जुन्या फोर्ड ग्रॅनाडाने. तिचा मालक बेकार होता, तब्येतीने खचलेला होता, आणि त्याची उभी असलेली गाडी कुणीतरी ठोकली. रोख भाडं आणि डिपॉझिट भरून गाडी घेणं त्याला शक्यच नव्हतं, म्हणून उधारीवर गाडी देणाऱ्या कंपनीकडून त्याने ती घेतली. असं भाडं साध्या भाड्याहून बरंच जास्त असतं, कारण त्यात उधारीचा आणि क्लेम लढवण्याचा खर्च धरलेला असतो. 2003 च्या डिसेंबरमध्ये त्याच हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ठरलं की ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता त्याला पूर्ण भाडं मिळालं पाहिजे. ज्याला रोखीने परवडत होतं त्याला मात्र साध्या भाड्याच्या दराएवढंच.

तीन विरुद्ध दोन. एका मताने. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ त्या आकड्यावरच थांबले होते. बदली गाडीचा प्रश्न हा ज्यांना दोन दिवस टॅक्सी परवडते त्यांच्यासाठी गैरसोयीचा प्रश्न आहे. ज्याची गाडी हेच त्याचं पोट आहे, किंवा ज्याला कामावर नाही गेलं तर पगार कापला जातो, त्याच्यासाठी तो वेगळाच प्रश्न आहे, आणि डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड मागणाऱ्या काउंटरवर नेमका तोच माणूस सगळ्यात आधी मागे फिरतो.

उधारीच्या गाडीबाबत एवढंच सांगते की सही करण्याआधी एक वाक्य शोधा: समोरच्या कंपनीने पैसे दिले नाहीत तर हे भाडं कोण भरणार? उत्तर 'तुम्ही' असं असेल, तर ती गाडी फुकट नाही.

आता दिवसांचं. दुरुस्तीला किती दिवस लागतील या प्रश्नावर गॅरेज जो आकडा सांगतं तो मजुरीच्या तासांवरून काढलेला असतो, आणि काही विमा कंपन्याही बदली गाडीचे दिवस तशाच पद्धतीने काढतात: एस्टिमेटमधले तास भागिले दिवसाला ठरावीक तास. पण गाडी गॅरेजमध्ये राहते ती मजुरीमुळे कमी आणि वाट बघण्यामुळे जास्त. सर्व्हेअरची वाट. मंजुरीची वाट. बंपर उतरवल्यावर आतला बीम वाकलेला दिसतो, मग पुरवणी एस्टिमेट, त्याची पुन्हा मंजुरी. पार्ट यायचाय. पार्ट आला तो डाव्या बाजूचा आला. रंग, त्यावर क्लिअर कोट, तो नीट वाळायला वेळ. नव्या गाड्यांत बंपरमागे रडार आणि काचेमागे कॅमेरा असतो. बंपर किंवा काच बदलली की त्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळवणी, करून घ्यावं लागतं, आणि ते यंत्र प्रत्येक गॅरेजमध्ये नसतं, त्यामुळे गाडी आणखी एका ठिकाणी जाऊन येते. यातला बराचसा काळ गाडीला कुणी हातही लावलेला नसतो. पण घरातले दिवस तेवढेच जातात.

त्यामुळे तारखा लिहून ठेवणं हे मला सगळ्यात उपयोगी काम वाटतं. गाडी कधी दिली, सर्व्हे कधी झाला, मंजुरी कधी आली, कुठला पार्ट कधी मागवला. उशीर नक्की कुणाकडे झाला हे दाखवता आलं तर 'तुमचे बदली गाडीचे दिवस संपले' या वाक्याला उत्तर देता येतं. आपल्याकडून मात्र एकही दिवस वाया जाता कामा नये. कागद मागितले की त्याच दिवशी द्यायचे, मंजुरीचा मेल पडून राहू द्यायचा नाही. नुकसान वाढू न देणं ही नुकसान झालेल्याचीही जबाबदारी मानली जाते, आणि समोरचा वकील तेच आधी शोधतो. गाडी अजून चालवण्याजोगी असेल, तर पार्ट आल्यावरच ती गॅरेजला लावायची, हा साधा उपाय अनेकदा दोघांच्याही फायद्याचा असतो. ॲड-ऑनवरचा दैनिक भत्ता घेत असाल तर पहिले काही दिवस त्यातून वगळलेले असू शकतात आणि वरची मर्यादाही असते. हे पॉलिसी घेताना वाचायचं, अपघातानंतर नव्हे.

गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करण्यापलीकडची, ठरली तर सगळं गणित बदलतं. तेव्हा दुरुस्तीची वाट नसते, दुसरी गाडी घेण्याची असते. रक्कम सांगितली की लगेच बदली गाडी परत मागण्याचा रिवाज दिसतो, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. सांगितलेली रक्कम म्हणजे खात्यात आलेले पैसे नव्हेत, आणि पैसे आले म्हणजे दारात गाडी आली असंही नव्हे. निदान पैसे हातात पडून दुसरी गाडी शोधायला वाजवी अवधी मागावा, लेखी मागावा.

बदली गाडी घेताना तिच्याभोवती एक फेरी मारून व्हिडिओ काढावा. चारही कोपरे, चाकांच्या रिम, काच, इंधनाचा काटा, किलोमीटर. तिचा विमा कुणाचा, ती ठोकली गेली तर पहिली किती रक्कम आपल्या अंगावर, रोजच्या किलोमीटरची मर्यादा आहे का, घरातलं दुसरं कुणी चालवलं तर चालेल का, हे तिथेच विचारावं.

आणि परत देताना घाई करू नये. फोन येतो, 'तुमची गाडी तयार आहे, आमची घेऊन या.' आधी आपली गाडी बघायला जायचं. दिवसाउजेडी, तिरप्या प्रकाशात दारांच्या फटी सारख्या आहेत का ते पाहायचं, डिकीतला गालिचा उचलून खाली ओल आहे का बघायचं, पुढे-मागे चालवून स्टेअरिंग एका बाजूला ओढतं का, डॅशबोर्डवर एखादा दिवा राहिलाय का हे तपासायचं. आमच्या गाडीचं मागचं दार दुरुस्तीनंतर पूर्ण उघडत नव्हतं, बिजागरी थोडी आत बसली होती. गॅरेजवाल्याला ते नुकसानच वाटलं नाही, 'दार उघडतंय की.' खुर्ची लावून दाखवली तेव्हा त्याने मान डोलावली आणि गाडी परत आत घेतली. त्या वाढीव दिवसांसाठीही बदली गाडी आमच्याकडेच राहील, हे मी किल्ली हातात धरूनच क्लेम ऑफिसकडून मेलवर कबूल करून घेतलं. काम नीट न झाल्यामुळे जाणारे दिवस हेही त्याच अपघाताचे दिवस आहेत.